कर्णबधिर मुलांना लेझीम आणि ऑफिसवाल्यांना गोफ: इशारे द्यायचे कसे?

चकतीवाली:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. मी पथकात लेझीम शिकवते, श्रावणात आमचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप पण असतो. आत्तापर्यंत ज्यांना शिकवलं ती एकतर शाळेतली पोरं नाहीतर सोसायटीतल्या बायका, म्हणजे ज्यांनी हे सगळं कुठेतरी मिरवणुकीत नाहीतर गॅदरिंगला बघितलेलं असतं, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं, आपण फक्त "चला, चार आवाज" म्हणायचं आणि हलगीवाल्याकडे बघून मान हलवायची.

आता दोन कामं अशी आलीयत की तिथे माझी नेहमीची पद्धत चालणार नाही असं दिसतंय. एक म्हणजे कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, पाचवी ते आठवी, २६ जानेवारीला लेझीम बसवायचीय. काहींना कानात मशीन आहे, दोघातिघांचं कॉक्लिअरचं (आतल्या कानात यंत्र बसवायचं) ऑपरेशन झालंय, बाकीच्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आणि माझं सगळं शिकवणं तोंडाने आणि शिट्टीने! त्याआधी गणपतीत एका कंपनीत "काहीतरी ट्रॅडिशनल" करायचंय, साठेक माणसं, निम्म्यांना मराठी येत नाही, एकजण व्हीलचेअरवर आहे, आणि एचआरवाल्या मॅडमनी कुठल्यातरी व्हिडिओत गोफ (वर बांधलेले रंगीत पट्टे हातात धरून, नाचत नाचत वेणीसारखे विणायचे आणि परत सोडवायचे) बघितलाय त्यामुळे गोफच पाहिजे. वेळ एक तास, शिकवण्यासकट.

कुणी अशा ग्रुपला शिकवलंय का? नाच सोपा करून टाकायचा का इशारे बदलायचे? आणि इशारा द्यायचा तर कशाने?

निवृत्त_पीटीवाले:

ताई, पहिलं म्हणजे कर्णबधिर पोरांना लेझीम अवघड जाईल हे डोक्यातून काढा. लेझीम मुळात बघून उचलायचीच गोष्ट आहे, आम्ही गावाकडे शिकलो तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मागच्या रांगेत उभं केलं आणि पुढच्याचं बघ म्हणाले. चार आवाज, एक जगह, आद लगाव, पवित्रा, दो रुख, आगे पाव, आगे फलांग ही नावं तरी कुठल्या पोराला आधी माहीत असतात? आखाड्यातली हिंदुस्तानी भाषा आहे ती, ऐकू येणाऱ्या पोराला पण ती नवीनच. त्यामुळे प्रत्येक प्रकाराला पोरांसोबत बसून एक खूण ठरवा, त्यांच्या शाळेतल्या बाईंना विचारून, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या खुणांशी गोंधळ होणार नाही.

शिट्टीचं म्हणाल तर मोठ्या ग्राउंडवर ती ऐकू येणाऱ्यांना पण धड कामाची नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर लांबच्या रांगेला ठोका ०.३ सेकंद उशिरा पोचणार. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे शेवटची रांग अर्ध्याहून जास्त ठोका मागे, आणि मग लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरं चुकतायत. पोरं चुकत नसतात, त्यांना ठोकाच तेव्हा मिळतो. म्हणून आम्ही मोठ्या संचलनाला कायम झेंडा वापरायचो. पूर्ण आठ ठोके झेंडा वर धरायचा म्हणजे "बदल येतोय", शेवटच्या ठोक्याला खाली आणायचा म्हणजे "आता". ऐकणाऱ्यांना पाचव्या-सहाव्या ठोक्यावर ओरडलं तरी चालतं, झेंड्याला मात्र पूर्ण आवर्तन द्यायला लागतं कारण समोरच्याची नजर तुमच्याकडे नेमकी कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

भटकभवानी:

गोफबिफ कशाला, कंपनीत गरबा घ्या ना, सगळ्यांना येतो, एचआर पण खूश. दोन टाळ्या, एक गिरकी, संपलं.

चकतीवाली:

@भटकभवानी गरबा त्यांचा नवरात्रात होतोच, त्यांना वेगळं हवंय. आणि खरं सांगू का, गरबा "सगळ्यांना येतो" हेच तिथे त्रासाचं होतं, ज्यांना येतो ते मधे घुसतात आणि ज्यांना येत नाही ते पहिल्या पाच मिनिटांत खुर्च्यांवर जाऊन मोबाईल काढतात. गोफ कुणालाच येत नाही, सगळे एका रेषेवर.

@पीटी सर झेंड्याचं भारी आहे, हे करतेच. पण एक शंका, हलगी ठेवायची का नाही मग?

नजरेने_ऐकणारा:

मी स्वतः जन्मापासून बहिरा आहे, शाळेत असताना लेझीम खेळलोय, आता नोकरी करतो, इथे नुसता वाचत असतो पण हा धागा बघून लिहावंसं वाटलं. थोडं लांबेल.

झेंडा चांगला पण लेझीममधली खरी अडचण वेगळी आहे आणि ती ऐकू येणाऱ्या शिक्षकांच्या लक्षात येत नाही. आम्ही बोलतो हातांनी, आणि लेझीममध्ये दोन्ही हात अडकलेले. म्हणजे मधेच पोराला काही विचारायचं असेल, शेजारच्याला "अरे डावीकडे" सांगायचं असेल, तर त्याचं तोंडच बांधलेलं आहे असं समजा. तुमचेही हात अडकलेले असतील तर तुम्ही पण मुक्या. त्यामुळे शिकवताना तुम्ही लेझीम हातात घेऊच नका, करून दाखवायला एखादं तयार पोर पुढे घ्या आणि तुमचे हात खुणांसाठी मोकळे ठेवा. आणि दर थोड्या वेळाने लेझीम खाली ठेवायला लावून प्रश्न विचारायला वेळ द्या, नाहीतर पोरं मान डोलावत राहतील आणि तुम्हाला वाटेल समजलं.

दुसरं, ज्या ठोक्याला खाली वाकायचं असतं त्या ठोक्याला आमची नजर जमिनीवर असते. त्या वेळेला दिलेला इशारा गेला फुकट. इशारा कायम सरळ उभं असतानाच्या ठोक्यावर संपला पाहिजे. घरी एकदा आरशासमोर प्रत्येक प्रकार करून बघा आणि कुठल्या ठोक्याला डोळे वर असतात ते लिहून ठेवा, तुमचं निम्मं नियोजन तिथेच होईल.

तिसरं दो रुख, म्हणजे वळून उलट्या दिशेला पण खेळायचं तो प्रकार. तोंड फिरलं की झेंडेवाला पाठीमागे गेला आणि जी शेवटची रांग होती ती पहिली झाली, तिच्यासमोर आता बघायला कुणीच नाही! आमच्या शाळेत सगळी हुशार पोरं पुढच्या रांगेत ठेवायचे कारण पाहुणे पुढे बसतात, आणि मग वळलं की मागे सगळा सावळागोंधळ. दोन झेंडे ठेवा, एक पुढे एक मागे, आणि पक्की पोरं चार कोपऱ्यांवर. मागच्या झेंडेवाल्याने पुढच्याकडे बघून झेंडा हलवायचा, हलगीकडे लक्ष देऊन नाही, नाहीतर दोघांचं जुळत नाही. शक्य असेल तर एखादा भाग गोलात बसवा, गोलात प्रत्येकाला समोरचा दिसतोच.

आणि पाठीशी सूर्य घेऊन उभ्या राहू नका, तुमचा नुसता काळा आकार दिसतो. २६ जानेवारीचा कार्यक्रम सकाळचा, त्या वेळी ऊन तिरपं असतं, तर पूर्वेकडे पाठ नको. बोलताना तोंड फिरवू नका, मास्क नको. टाळ्या वाजवायच्या तर दोन्ही हात वर करून हलवा, आम्हाला ते दिसतं. पाहुण्यांना पण आधी सांगून ठेवा.

हलगी ठेवा की! पण हलगीचा आवाज चिरका, तो आमच्यापैकी बऱ्याच जणांपर्यंत पोचतच नाही. ढोल ठेवा, मोठा, आणि पोरांच्या जवळ. ढोलाचा ठोका छातीत लागतो. जमिनीतून पण येतो पण त्याला लाकडी स्टेज लागतं, मातीच्या किंवा काँक्रीटच्या ग्राउंडवर पायाला काही कळत नाही. सरावाच्या पहिल्या दिवशी पोरांना ढोलाच्या पानावर (जिथे वाजवतात त्या पडद्यावर) हात ठेवू द्या, नाहीतर हातात फुगवलेला फुगा धरायला द्या, त्यात पण थरथर मस्त जाणवते.

फिजिओ_माया:

वरच्या पोस्टला शंभर मोदक. त्यात दोन गोष्टी घालते कारण या पोरांसोबत मी काम करते.

ऐकणं आणि तोल सांभाळणं दोन्ही आतल्या कानातच असतं, त्यामुळे कर्णबधिर मुलांमध्ये तोल कच्चा असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. सगळ्यांचं नाही, पण असतं. ही पोरं तोल डोळ्यांनी सांभाळतात. त्यामुळे गिरकी, एका पायावरची उडी, अंधारात किंवा डोळे मिटून काही, इथे जरा हळू घ्या, आणि गिरकीनंतर स्थिर उभं राहायला दोन ठोके जास्त द्या. मंगळागौरीचं काही शिकवायचं मनात असेल तर फुगडी अगदी शेवटी, आणि ती पण गवतावर किंवा मॅटवर. झिम्मा, टाळ्यांचे प्रकार आरामात जमतील.

ज्यांना कॉक्लिअर आहे त्यांचा बाहेरचा भाग लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेला असतो. खाली झटक्याने वाकलं की तो निसटतो, आणि महाग असतो हो. आई-वडिलांना विचारून हेडबँड बांधा, किंवा काढून ठेवून खेळायचं का ते पोराला ठरवू द्या. मशीनवाल्या मुलांना हलगीच्या अगदी शेजारी उभं करू नका, मशीन तो आवाज वाढवूनच कानात टाकतं.

नजरेने_ऐकणारा:

हेडबँडचं बरोबर. फुगडी शेवटी हे पण ठीक, पण काढून टाकू नका प्लीज, आमच्या वर्गातल्या मुली सगळ्यात जास्त फुगडीच खेळायच्या.

फिजिओ_माया:

काढून टाका नाही म्हणाले हो 🙂 कोपर सरळ, पावलं जवळजवळ, वजन मागे, आणि अंगठ्या-काचेच्या बांगड्या काढून. कंपनीतल्या लोकांना पण हेच सांगा, तिथे तर मोठी माणसं उत्साहात येतात आणि मनगटावर पडतात.

चकतीवाली:

किती उपयोगाचं सांगताय सगळे. इशारा वाकलेल्या ठोक्याला जातो हे मला इतकी वर्षं शिकवून सुचलं नसतं. शाळेचं चित्र डोळ्यापुढे आलं आता. कंपनीतल्या गोफाचं कुणीतरी सांगा, साठ माणसं म्हणजे किती गोफ, आणि ते व्हीलचेअरवाले सर कुठे उभे... म्हणजे कुठे असतील?

गुंता_सोडवणारी:

गोफ माझा जीव की प्राण, त्यामुळे मी सांगते.

आधी छत. ऑफिसच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंग असतं, त्याला कडी अडकवायची कल्पना जरी कुणी मांडली तरी नाही म्हणा. उभा खांब करून घ्या, खाली जड बैठक, वर फिरणारी कडी नको, घट्ट रिंग. मंडपवाले करून देतात. साठ जणांना एकदम गोफात घालू नका, बारा-बाराच्या गटाने फिरवा, बाकीच्यांना बाहेरच्या गोलात टिपऱ्या द्या, म्हणजे कुणी रिकामं राहत नाही आणि लय पण तेच धरतात. गटाला जोडसंख्या लागतेच लागते.

आता नाच. नेहमीच्या गोफात अर्धे एका दिशेने, अर्धे उलट, आणि समोरून येणाऱ्याला एकदा बाहेरून एकदा आतून. नवख्यांना हे एकदम दिलं तर तिसऱ्या माणसापाशी गुंता. त्याऐवजी अर्ध्यांना जागेवर उभं करा, एकाआड एक. उभे राहणारे लाल, फिरणारे पिवळे, पट्ट्याचा रंग पण तोच. पिवळे फक्त एकाच दिशेने, पहिल्या लालला बाहेरून, पुढच्याला आतून, बाहेरून, आतून. वीण अगदी तीच पडते कारण शेवटी कोण कुणाच्या पलीकडून गेलं एवढंच गोफाला कळतं, दोघं चालले का एकच, त्याला काय. आणि एका वेळी अर्ध्याच लोकांना डोकं चालवायला लागतं. मग सोडवल्यावर लाल फिरणार, पिवळे उभे.

तुमचे व्हीलचेअरवाले सर. आधी त्यांनाच विचारा, हा प्रश्न आम्हाला विचारायचा नाही. त्यांना खेळायचं असेल तर या पद्धतीत ते आधी लालमध्ये जागेवर, बाकी पाचजण पण जागेवरच असतात त्यामुळे त्यांनाच वेगळं काढलंय असं होत नाही. आतून जाणाऱ्याच्या डोक्यावरून त्यांचा पट्टा जायला हवा, तर त्यांनी हात वर धरला की पुरतं, पट्टा खांबाकडे चढताच असतो. आणि दुसऱ्या फेरीला त्यांना फिरायचं असेल तर माणसांमधलं अंतर वाढवा. व्हीलचेअर जागेवर वळायला साधारण दीड मीटरचा गोल लागतो, इथे पूर्ण वळायचं नाहीये, नागमोडी जायचंय, पण तेवढी मोकळी जागा धरून चाला. पट्टा धरायला एक हात गेला की एकाच हाताने खुर्ची चालवायची, ती गोल फिरते! इलेक्ट्रिक असेल तर प्रश्न नाही, साधी असेल तर पट्ट्याचं टोक खुर्चीच्या हातावर सैल लूपने अडकवायचं की कुणी ढकलायचं ते त्यांनी ठरवायचं. सगळ्यांची चाल त्यांच्या चालीने ठेवा, ढोलवाल्याला आधीच सांगून.

उलगडताना सगळे हमखास चुकतात. नियम एकच: ज्याला शेवटी ओलांडलंत त्यालाच पहिल्यांदा, आणि त्याच बाजूने. शेवटी आतून गेला असाल तर परत येताना सुरुवात आतून. लोक काय करतात, वळल्यावर पुन्हा सवयीने "बाहेरून" सुरू करतात आणि गोफ सुटायच्या ऐवजी अजून आवळतो. म्हणून विणणं कायम "आतून" वरच थांबवा आणि उलगडायच्या आधी लय थांबवून प्रत्येक पिवळ्याला त्याच्या लालकडे बोट दाखवायला लावा.

मराठी न येणाऱ्यांसाठी "उजवा-डावा" बंद. दाराकडे, खिडकीकडे, खांबाकडे असं म्हणा आणि हाताने दाखवा. आत जायला हात छातीशी, बाहेर जायला हात लांब. साठ माणसांच्या गोंगाटात तोंडी सूचना तशाही बुडतात, म्हणजे शाळेसाठी जे शिकाल ते इथे पण लागणारच आहे.

डहाणूकडचा:

गोफाचं वाचून आमचा तारपा आठवला, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा आदिवासी नाच. तारप्यात सांगणारा माणूस वेगळा नसतोच, मधे तारपेवाला असतो, तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात आणि नाचणारे कमरेला हात घालून साखळीने त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. पुढच्याकडे घुंगरांची काठी. ज्याला काही येत नाही तो मधे घुसला तरी दोन्ही बाजूचे त्याला ओढून नेतात, चार फेऱ्यांत पावलं आपोआप लागतात. बाहेरच्या लोकांना शिकवायला मला हे सगळ्यात सोपं वाटतं, शिकवायचंच नसतं, साखळीत नवा-जुना-नवा-जुना लावायचं. कंपनीत अनोळखी बायका-पुरुषांना कमरेला हात चालणार नाही हे उघड आहे, तिथे शेजाऱ्यांनी एकेक टिपरी दोन टोकांना धरली तरी तीच साखळी होते.

भटकभवानी:

हे टिपरीचं मस्तय. बरं, अंध मुलांना पण कुणी शिकवलंय का हे? आमच्या ओळखीत एक शाळा आहे म्हणून विचारतेय.

निवृत्त_पीटीवाले:

थोडंफार. तिथे सगळं उलटं. लेझीमचाच इतका आवाज असतो की तोंडी हुकूम त्यात विरून जातो, म्हणून हुकूम द्यायचा तर हलगीच्या वेगळ्या बोलातून, प्रत्येक प्रकाराला एक बोल. हलगीवाला एका जागी, हलायचं नाही, पोरं त्याच्यावरून दिशा ठरवतात. दाखवायचं असेल तर पोराचे हात धरून हलवू नका, तुमच्या हातांवर त्याचे हात ठेवायला सांगा आणि तुम्ही करा, आणि आधी विचारून. आणि खरं तर अंध मुलांना गोफ फार छान जमेल असं मला कायम वाटत आलंय, पट्टा ताणलेला असला की खांब कुठे ते हाताला कळतंच.

गुंता_सोडवणारी:

जमतो. पट्टे वेगवेगळ्या पोताचे घ्यायचे, एक सुती एक सॅटिनचा, म्हणजे हाताला लाल-पिवळं कळतं.

चकतीवाली:

सगळ्यांचे आभार, वही भरली. पट्टे किती लांब घेऊ ते राहिलं. खांब ४ मीटरचा मिळतोय.

गुंता_सोडवणारी:

हात जमिनीपासून मीटरभर धरा, म्हणजे वर ३ मीटर. गोल अडीच मीटर त्रिज्येचा ठेवलात तर नुसतं सरळ अंतरच ३.९ मीटर होतं. विणताना लांबी खाल्ली जाते आणि गोल आत सरकत येतो, तर साडेपाच मीटरचा कापा, उरलेला हाताला गुंडाळता येतो. कमी पडला तर मात्र व्हीलचेअरवाल्या सरांचाच पट्टा आधी ताणला जाईल कारण त्यांचा हात खाली असतो, त्यांना अर्धा मीटर जास्तीचा ठेवा. आणि नायलॉनची दोरी घेऊ नका, भरभर फिरताना हाताला चटका बसतो, सुती पट्टाच घ्या, चार बोटं रुंद.